नंदाचं उसनं नाक

दीड महिन्यापूर्वी मी कोथिंबीर निवडत बसले होते. समोरच्या घरातली शुभा दारात येऊन म्हणाली, "मावशी, आई उठलीच नाही..." माझी मैत्रीण नंदा अशी झोपेतच गेली. कुणाला त्रास न देता, अगदी तिच्या स्वभावाप्रमाणे.

दहा वर्षांपूर्वी दहिसर चेकनाक्याजवळ रिक्षाने करकचून ब्रेक मारला आणि नंदाचं डोकं पुढच्या दांड्यावर आपटलं. रक्त नाही, साधं टेंगूळही नाही, म्हणून काही झालं नाही असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं. ती घरी येऊन स्वयंपाकालाही लागली. चौथ्या दिवशी उजेड डोळ्यांना टोचायला लागला, जावयाचं नाव आठवेना, आणि जन्मात आवाज न चढवलेली नंदा दूधवाल्यावर खेकसली. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय, तो स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. विश्रांती, टीव्ही-मोबाइल बंद, आणि उलट्या झाल्या तर तडक घेऊन या.

महिन्याभरात डोकेदुखी थांबली, पण वास यायचा बंद झाला तो झालाच. एकदा तिच्या हातून घरच्यांना खराब कोलंबी वाढली गेली. त्या दिवशी माझ्याकडे येऊन मालवणची ही खमकी बाई रडली. "माझ्या हातचं खायला आता घाबरतील गं." ताजी मासळी कल्ले बघून कळते म्हणा, पण तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. शुभा आणि जावई सकाळीच कामाला जायचे. मी मात्र आमचे हे वारल्यापासून दार लावून घरात बसलेली. मग रोज साडेदहाला हाक यायची, "नाक घेऊन ये गं." मी जन्माची शाकाहारी. सुरुवातीला मला सगळेच मासे खराब वाटायचे. दोन उत्तम पापलेटं मी फेकायला लावली. हळूहळू जमायला लागलं. मग चहा, गप्पा... घरी परतेपर्यंत साडेबारा वाजायचे.

परवा शुभाने सहज सांगितलं, आईला वर्षाच्या आतच पुन्हा वास यायला लागला होता. मावशीला सांग म्हटलं, तर म्हणाली, "गप बस. त्या निमित्ताने ती दार उघडते ना, उघडू दे."

म्हणजे नऊ वर्षं मी उगाच बांगडे हुंगले. आधी राग आला, मग हसता हसता डोळे भरून आले.

आता रविवारी शुभा मासळी आणते. तिचं नाक शाबूत आहे. तरी ती ताटली माझ्यापुढे धरते, आणि मीही गंभीरपणे वास घेऊन सांगते, "चालेल."