बद्रीनाथ मिस्त्रीचा नारळ

युसूफ वडगावच्या फाट्यावर बद्रीनाथ मिस्त्रीचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. हा माणूस मिस्त्री कमी आणि न्यायाधीश जास्त. ट्रॅक्टर आला की आधी मालकाची उलटतपासणी, मग निकाल, आणि सगळ्यात शेवटी पाना. बत्तीस वर्षांत त्याच्या हातून एकही गिअरबॉक्स बिघडलेला नाही. बिघडवणारे सगळे बाहेरचे: तेल न बदलणारा मालक, पिऊन चालवणारा ड्रायव्हर, ट्रॉलीत ऊस कोंबणारा मुकादम.

हात मात्र सोन्याचा, हे कबूल करायलाच हवं. नुसता आवाज ऐकून कोणत्या चाकाचा दात गेलाय ते सांगतो. काम झालं की गिअरबॉक्सच्या काठावर हातोडीनं नारळ फोडायचा, हा त्याचा नेम. तोही झाकण बसवायच्या आधी, कारण देवानं आतलं काम बघितलं पाहिजे! गिऱ्हाइकाची शाबासकी याला पुरत नाही.

यंदा ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर भिवराबाईचा जुना ट्रॅक्टर परत आला. दोनच महिन्यांपूर्वी त्याचा गिअरबॉक्स बद्रीनाथानं उतरवून नीट केला होता. आता तिसरा गिअर पडेना. नवरा गेल्यापासून भिवराबाई ट्रॅक्टर स्वतः चालवते. गावाला ते बघवत नाही, आणि तिचा दीर बजरंग याला तर मुळीच नाही. तोही सोबत आला होता.

बद्रीनाथानं ट्रॅक्टरला हात न लावताच निकाल दिला. “बाईमाणसाचा पाय क्लचवर पुरा बसत न्हाई. गिअर टिकंल कसा?”

बजरंग याच वाक्यासाठी आला होता. त्यानं चावी काढून खिशात टाकली. “ऐकलं ना वहिनी? उद्यापासून माझा माणूस चालवंल. तुमी घर बघा.”

भिवराबाई जागची हलली नाही. “मिस्त्री, आधी उघडा. मंग बोला.”

शेजारच्या चहाच्या टपरीवरचे आठ-दहा जण गोळा झाले होते. त्यात मीही होतो. फुकटचा तमाशा कोण सोडतो? माणसं जमली की बद्रीनाथाला चेव येतो. त्यानं गिअरबॉक्सच्या तळाचं बूच काढलं. तेल काळं यायचं, ते दुधाच्या चहासारखं आलं.

“बघा! पाणी गेलंय. धुताना पाइप मारला असंल ह्यांनी.”

मग झाकण काढून त्यानं ऐटीत आत हात घातला आणि दोन दातेरी चाकांच्या मधून काहीतरी ओढून काढलं. करवंटीचा तुकडा होता, काथ्यासकट.

अख्ख्या केज तालुक्यात गिअरबॉक्सवर नारळ फोडणारा माणूस एकच. बद्रीनाथ तो तुकडा उलटासुलटा करून बघत राहिला, त्यावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव सापडेल या आशेनं.

“क्लचवरचा पाय माझा व्हता,” भिवराबाई म्हणाली. “नारळ कुणाचा व्हता?”

मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! बजरंग गुपचूप सटकत होता. तिनं नुसता हात पुढं केला. त्यानं चावी मुकाट्यानं तिच्या हातावर ठेवली.

संध्याकाळपर्यंत काम झालं. बद्रीनाथानं सवयीनं पिशवीतून नारळ काढला. भिवराबाईनं तो त्याच्या हातातून घेतला, आधी झाकण बसवून घेतलं, रस्त्यापलीकडच्या दगडावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याच्यापुढं धरला.

“घ्या मिस्त्री. आज देवानं आतलं समदं बघितलंय.”