दिव्याची वाकलेली रेघ

रेघेमास्तर फूटपट्टीशिवाय फळ्यावर अशी सरळ रेघ ओढायचे की मागच्या बाकावरची उनाड मुलंही क्षणभर गप्प व्हायची. पण त्यांचा जीव सरळ रेघेत नव्हता, वाकड्या रेघेत होता. त्यांचं खरं नाव फक्त हेडमास्तरांना आठवत असावं. रत्नागिरीतलं निम्मं गाव त्यांना रेघेमास्तर म्हणायचं आणि तेही खुशाल ओ द्यायचे.

मास्तर मूळचे पूर्णगडचे. आम्हाला मॅट्रिकच्या वर्गात विज्ञान शिकवायचे. तेव्हा विजेचे दिवे आम्ही मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गप्पांतच पाहिलेले. मास्तर वीज घरी करायचे. काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी, त्यात एक जस्ताची आणि एक कोळशाची कांडी, की झाला सेल. नवसागर कल्हईवाल्याकडून यायचा. "आधी गावाची भांडी, मग आपली वीज," असं म्हणत ते त्याच्या भट्टीजवळ निवांत बसून राहायचे.

वर्गात मुलगी मी एकटीच. पहिल्यांदा तारेला एकेक सेल वाढवत जोडला, मीटरचे काटे वाचले, आडवा विजेचा दाब आणि उभा प्रवाह धरून कागदावर ठिपके दिले. मग मी सवयीनं ठिपक्याला ठिपका जोडत गेले. मास्तरांनी कागद उचलून धरला. "बाय, ही रांगोळी झाली! रांगोळीत ठिपका सुटला तर सासू बोलेल. इथं सुटला तर चालतो. काटा वाचताना आपला डोळा चुकतो, तार चुकत नाही. सगळ्यांच्या मधून एकच रेघ जाऊ दे." तशी ती गेली, अगदी सरळ.

पुढच्या आठवड्यात तारेच्या जागी शाळेचा एकुलता एक बॅटरीतला दिवा लावला. ठिपके वर चढता चढता आडवे कलायला लागले. आपलाच डोळा चुकला असं समजून मी पट्टी ठेवून सरळ रेघ ठोकून दिली. मास्तर पोट धरून हसले. "एखादा ठिपका चुकेल गो. सगळे मिळून एकाच अंगाला चुकतील होय? दिवा तापतो. तापला की त्याची तार प्रवाह अडवते. थंड असताना थोडका दाब दिलास तरी प्रवाह भराभर वाढतो, पुढं तेवढाच दाब वाढवूनही जेमतेम हलतो. त्याच्यावर रागावू नको, त्याची रेघच तशी."

एकाच दिशेनं वीज जाऊ देणाऱ्या, रेडिओतल्या खड्याची रेघ त्यांनी नुसती फळ्यावर काढून दाखवली. एका बाजूनं दाब दिला तर ती जमिनीला चिकटलेली, दुसऱ्या बाजूनं दिला तर उभी चढणारी. "आमचे अर्ज वर जातात, उत्तर खाली येत नाही, त्यातलाच हा प्रकार," असं म्हणून त्यांनी हेडमास्तरांच्या खोलीकडे हळूच पाहिलं.

त्याच वर्षी लांज्याहून मला स्थळ आलं आणि माझ्या वडिलांनी, अप्पांनी, परीक्षेला बसवायचं नाही असं ठरवलं. अप्पांचा राग गावाला ठाऊक होता. आमच्या आंब्याच्या बागेतला गडी उशिरा आला तर त्यांचा आवाज बंदरापर्यंत जायचा. ऐकताच मास्तर त्याच संध्याकाळी घरी आले. अप्पा नेमके आंब्याच्या दलालाशी भांडून परतलेले. मास्तरांनी जितकं समजावलं तितके अप्पा हट्टाला पेटले. "तुमच्या रेघा शाळेत ओढा, माझ्या घरात नको!" मास्तरांनी टोपी उचलली आणि निघून गेले. मी माजघरात रडत बसले.

त्यानंतर ते रविवारी सकाळी यायला लागले. आंघोळ, पूजा आटपून अप्पा पडवीत चहा घेत असायचे. रविवारी बागेत गडी नसायचा, सगळं शांत. मास्तर पायरीवर बसून मोहोराची, तुडतुड्यांची चौकशी करायचे आणि उठताना एकच वाक्य बोलायचे, "पोरीचा हात चांगला आहे हो, अप्पा." अप्पांच्या कपाळाला आठी दिसली की टोपी डोक्यावर. दुसरं वाक्य कधी नाही. मला धीर धरवेना. "मास्तर, जरा जोर लावा ना," मी शाळेत म्हटलं. त्यांनी नुसतं टेबलावरच्या दिव्याकडे बोट केलं.

आंबा पाडाला यायच्या आधी एका रविवारी अप्पा आपणहून म्हणाले, "मास्तर, त्या परीक्षेचं काय ते बघा. लांज्याला मी कळवतो."

मी पास झाले. कॉलेजसाठी मुंबईला निघाले तेव्हा मास्तर बंदरावर आले आणि कापसात गुंडाळलेला तो दिवा माझ्या हातात ठेवला. "शाळेला नवा आणलाय. हा तुझा." पडाव आगबोटीकडे निघाला तरी ते धक्क्यावर उभे होते. तेच त्यांचं शेवटचं दर्शन. मी स्वतः शिकवायला लागले त्या वर्षी ते तापानं गेले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

त्यानंतरच्या सुट्टीत घरी आले तेव्हा अप्पा पडवीत बसले होते. बरेच थकले होते. मी त्यांना दिव्याच्या रेघेची गोष्ट सांगितली आणि हसत म्हटलं, "अप्पा, मास्तरांनी तुम्हाला बरोबर थंड असताना गाठलं."

अप्पांनी मास्तर बसायचे त्या पायरीकडे पाहिलं.

"मला कळत नव्हतं होय गो?" ते म्हणाले. "म्हणून तर रविवारी गड्याला सुट्टी द्यायचो. न जाणो, सकाळीच कुणावर तरी डोकं फिरायचं, आणि मास्तर टोपी घालून निघून जायचे."