सरांनी दाखवलेलं घर

बारा मुली बुटांसकट आमच्या घरात शिरल्या. पडवीत औषधासाठी विकायचा बाळहिरडा वाळत घातला होता, आईनं दोन दिवस डोंगर पालथा घालून वेचलेला. तो बुटांखाली चुरडला. एकीनं मडक्यावरचं झाकण उचलून आत डोकावून पाहिलं. दुसरी म्हणाली, "शी, किती अंधार." सर दारात उभं राहून समजावत होते, "बघा, हे आदिवासींचं घर. यांच्या गरजाच कमी. म्हणून ही माणसं सुखी असतात."

आई चुलीपाशी उभी होती. आणि मी सरांच्या शेजारी. अंगात शिबिराचा पिवळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. मी त्या मुलींची ताई.

हे आमचं घर आहे, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

डी.एड. होऊन दीड वर्ष मी घरात बसून होते. पुण्याच्या मुलांच्या उन्हाळी शिबिराला ताई-दादा पाहिजेत, असं कळलं म्हणून नारायणगावला मुलाखतीला गेले. सरांनी विचारलं, "गाव कुठलं?" मी म्हणाले, "जुन्नर." तालुका जुन्नरच, म्हणजे खोटं काही नव्हतं. पण माझी वाडी तिथून पंचवीस किलोमीटर आत डोंगरात, आणि तिचं नाव मी गिळलं. आम्हा महादेव कोळ्यांची आडनावं मराठ्यांसारखीच, त्यावरून काही कळत नाही. बोलणं मी वसतिगृहात राहून घासूनपुसून घेतलं होतं. सर खूश झाले. "अगदी आपल्यातल्याच वाटता," म्हणाले. "शिबिर नीट पार पाडा, जूनपासून आमच्या शाळेत घेतो."

त्या 'आपल्यातल्या'चा मला आनंद झाला होता. लाज वाटते, पण झाला होता.

शिबिर धरणाच्या काठावर. पाचव्या दिवशी दुपारी 'आदिवासी जीवनदर्शन'. सरांनी नाव घेतलं ते माझ्याच वाडीचं. मी म्हणाले, "सर, दुसऱ्या वाडीला जाऊ. तिकडचा रस्ता बरा आहे."

"अहो, रस्ता धड नसलेलीच वाडी अस्सल असते," सर म्हणाले.

वाडी सगळी हिरड्याला गेलेली. पायात काटा मोडला म्हणून आई तेवढी घरी होती. दार उघडं दिसलं ते आमचंच.

मला बघून तिचं तोंड उघडलं. मग तिनं टी-शर्ट पाहिला, शिट्टी पाहिली, माझी खाली गेलेली मान पाहिली. आणि तोंड मिटून घेतलं.

"ताई, या बाईंना विचारा," सर म्हणाले, "दिवसातून किती वेळा जेवतात?"

मी विचारलं. माझ्या आईला. "बाई, तुम्ही दिवसातून किती वेळा जेवता?"

"दोनदा जेवतो, ताई," आई म्हणाली. "तुमी उभ्या का? बसा की." तिनं घोंगडी झटकून माझ्यासाठी अंथरली, परक्या बाईसाठी अंथरतात तशी.

जिनं मला पाठीवर बांधून हिरडा वेचला, तिनं मला 'तुमी' म्हटलं. मला नोकरी लागावी म्हणून. मला माझी किळस आली. मग राग आला, आधी स्वतःचा, मग सरांचा.

"सगळ्या बाहेर व्हा," मी म्हणाले. "बूट काढा. विचारून आत या. ही माझी आई आहे."

मुली दाराकडे सरकल्या. सर आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं.

"मुलाखतीत तुम्ही हे लपवलंत."

"लपवलं. सांगितलं असतं तर घेतलं असतं का?"

"तो विषय वेगळा. मुलींसमोर तमाशा नको. माफी मागा आणि गाडीत बसा. मग जूनचं बघू."

मी शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. गाडी माझ्याशिवाय गेली.

आईला अभिमान वाटला असेल, असं कुणाला वाटेल. ती भडकली. चुरडलेला हिरडा निवडता निवडता म्हणाली, "मी गप बसले व्हते ना? मग तुलाच काय नडलं व्हतं? दोन घटका दम न्हाई निघाला. घालवलीस ना नोकरी?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जूनमध्ये त्या शाळेत दुसरीच कुणी लागली. मी त्या वर्षी लोकांच्या खाचरात भात लावला.

सरांना मी माफ केलेलं नाही. पण त्या पंधरा मिनिटांत आईला 'बाई' म्हणणारी मीच होते. ते सरांच्या माथी मारता येत नाही.

आता मुलाखतीला गेले की खुर्चीत बसायच्या आधी मी वाडीचं नाव सांगते. जात सांगते. आई हिरडा वेचते, हे सांगते. समोरच्याचा चेहरा बदलला की उठते. आजवर तीन ठिकाणांहून उठले. चौथ्या ठिकाणाहूनही उठेन. जन्मभर चिखलात राबावं लागलं तरी चालेल, पण माझ्या पोटासाठी आईला पुन्हा परकी होऊ देणार नाही.