खाटेपुरता करंट

दुकानदाराने दिवे लावून दाखवले की मी सावध होतो. नागदेवीच्या अवजारबाजाराशेजारच्या गल्लीत मी तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडे तेच. जनरेटर फुटपाथवर ओढायचा, दोरी खेचायची, चार हॅलोजन जोडायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. "काका, यावर गणपतीचा अख्खा मंडप चालतो." चालत असेल. मला मंडप लावायचा नव्हता. मला वेल्डिंग करायचं होतं. कांडी लोखंडाला टेकली की वेल्डिंगचं मशीन एका दमात वीज ओढतं, दिवा बिचारा जेवढी लागते तेवढीच घेत बसतो. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. मी चौथी शिकलेला. माझगावच्या गोदीत तीस वर्षं जहाजाचे पत्रे जोडले, तिथे कळलं.

बायको गेल्या श्रावणात गेली. आमची खोली लालबागला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. दर चैत्रात ती गच्चीवर मिरच्या वाळत घालायची. आमच्या, शेजारणीच्या, आणखी दोन-चार बिऱ्हाडांच्या. जमिनीवर जुनी लुगडी पसरायची आणि दिवसभर वाकून मिरच्या उलथत राहायची. मांजरं यायची, कबुतरं यायची. गुडघे गेल्यावर ती मला म्हणाली, लोखंडी खाट करून द्या, कमरेएवढी उंच, वर जाळी. मी म्हटलं, करतो. गोदीत होतो तेव्हा म्हटलं करतो, रिटायर झालो तेव्हाही म्हटलं करतो. ती मालवणीत सुनवायची, "तुमची जहाजां ऱ्हवांदेत, माजी खाट करा आदी." मी हसायचो. जहाज सोडून खाट काय करायची, असं डोक्यात होतं माझ्या. खोटं कशाला लिहू.

ती गेल्यावर मुलीने खांद्याला लटकवायचं छोटं वेल्डिंग मशीन आणून दिलं. हाताला काहीतरी चाळा पाहिजे, म्हणाली. यंदा आईच्या प्रमाणात मसाला ती आणि शेजारीण मिळून करणार होत्या. मी ठरवलं, यंदाची मिरची माझ्या खाटेवर वाळली पाहिजे. दुसरं काही मला नको होतं.

खोलीतल्या बोर्डावर मशीन लावलं, कांडी टेकवली आणि जिन्यातला फ्यूज उडाला. सगळ्या मजल्यांचे पंखे थांबले. वरच्या मजल्यावरची एक जण अर्धवट वाटलेलं इडलीचं पीठ घेऊन खाली आली, मला दाखवायला. चाळीचा सेक्रेटरी म्हणाला, "काका, पुन्हा हे चाळीच्या लाइनवर लावायचं नाही. गच्चीवर स्वतःचा जनरेटर आणा, सकाळी एक तास देतो." तो मला टाळायला बोलला, हे मला कळलं. म्हणूनच मी जनरेटर बघायला निघालो.

आता त्या तिसऱ्या दुकानाचं सांगतो. जनरेटरवर कागद चिकटवलेला असतो. त्यावर एक आकडा मोठा, रंगीत. त्याच्या खाली बारीक अक्षरात दुसरा, कमी. मोठा आकडा घडीभराचा असतो, बारका दिवसभराचा. मी बारक्यावर बोट ठेवून विचारलं, "हा खरा ना?" दुकानदार हसला. म्हणाला, "काका जाणकार आहात. जोडायचं काय आहे?"

"खाट. पाइपाची."

"मग तीन केव्हीएचा बस झाला. पाचचा नका घेऊ, उगाच ओझं."

इथे माझं डोकं फिरलं. गिऱ्हाइकाला स्वस्तातल्या मालाकडे ओढणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. म्हणजे यात काहीतरी गोम असणार. कुणीतरी परत केलेला माल असणार, नाहीतर आतून दुरुस्त केलेला. मी चष्मा लावून खाली बसलो. धुराच्या नळकांड्याचा वास घेतला. स्क्रू बघितले. एका स्क्रूच्या डोक्याचा रंग खरवडलेला होता. झालं. मी उठलो आणि घरी आलो.

मुलगी मोबाइलवर जनरेटर दाखवायला लागली. प्रत्येकाखाली तारे. "बाबा, बघा ना, एवढ्या लोकांनी चांगलं म्हटलंय."

"त्यातल्या किती जणांनी त्यावर कांडी लावली?"

"ते मला काय माहीत?"

"मग मला तारे दाखवू नको."

तिने मोबाइल उलटा ठेवला. म्हणाली, "तुम्हाला घ्यायचाच नाहीये, बाबा. आई होती तेव्हाही तुमचं असंच होतं. आज पाइप बरोबर नाही, उद्या कांडी बरोबर नाही."

मिरच्या येऊन पडल्या होत्या, पोतं दाराच्या मागे उभं होतं, आणि पोरगी खरं बोलली होती.

मग मला बायकोचं डंखावरचं बसणं आठवलं. आमच्याकडे मसाला कुटायच्या गिरणीला डंख म्हणतात. बायका तिथे मिरची देऊन घरी जात नाहीत. आपली मिरची डंखात पडल्यापासून मसाला डब्यात भरेपर्यंत स्टूल टाकून समोर बसतात, कारण नजर हलली की चांगली मिरची जाते आणि दुसऱ्याचा भुसा येतो, असं त्यांचं ठाम मत. आमची तर नाकाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी गळत, तासन्‌तास बसायची. एकदा मी म्हटलं, चल, चहा पिऊन येऊ. तर म्हणाली, "तुमी जावा. मी हललंय तर मिरची हलतली." संशय माझ्यापेक्षा तिला जास्त. पण ती संशय घेऊन घरी यायची नाही. समोर बसून मसाला घेऊनच यायची. मी नुसताच परत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन खांद्याला लावलं, पिशवीत वेल्डिंगची काच, कांड्या आणि काळ्या पाइपाचे दोन तुकडे घेतले आणि त्याच तिसऱ्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. म्हटलं, इथे कांडी लावून दाखवा, मगच घेतो.

"काका, दुकानात ठिणगी नको. पुठ्ठे आहेत सगळे."

"मग मी बसतो."

बसलो. येणारं गिऱ्हाईक मला ओलांडून आत जात होतं. दोघांनी मलाच भाव विचारला. मी म्हटलं, मला विचारू नका, माझा अजून विश्वास बसलेला नाही. ते ऐकून एक जण तसाच माघारी फिरला. तेव्हा दुकानदाराने मागून आपल्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री माझ्यापेक्षा थोडाच लहान, पांढरी दाढी, हात ग्रीसने काळे. दोघांनी मिळून तीनचा जनरेटर मागच्या मोकळ्या बोळात नेला.

मी मशीन जोडलं. काच डोळ्यांपुढे धरली आणि कांडी टेकवली. इंजिन दबलं, आवाज खाली खाली गेला आणि खटका पडून सगळं बंद. मला मनातून बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं. म्हटलं, "बघा. मंडप चालतो म्हणे."

मिस्त्री माझ्या मशीनजवळ बसला, करंटच्या बटणाकडे बघितलं, मग माझ्या हातातली कांडी घेऊन दोन बोटांत फिरवली. म्हणाला, "चाचा, खटिया बनानी है या जहाज?"

बटण दीडशेच्या वर होतं. कांडी आठ नंबरची, जाड. पिशवीतून मीच काढली होती, बटण मीच फिरवलं होतं, आणि दोन्ही वेळा डोक्याने नाही, हाताने. तीस वर्षं या हाताला तीच कांडी आणि तोच करंट. पाइपाचा पत्रा तर रुपयाच्या नाण्याएवढाच जाड. जनरेटर चालता राहिला असता तर पाइपाला भोकच पडलं असतं. आणि पाचचा घेतला असता तरी तो असाच बसला असता.

त्याने बटण सत्तरवर आणलं. स्वतःच्या खिशातली बारा नंबरची बारीक कांडी दिली. मी टेकवली. इंजिन एकदा दबलं आणि सावरलं. दोन तुकडे जुळले. गार झाल्यावर मी ते पायाखाली दाबून बघितले. मग आणखी दोन कांड्या जाळल्या, कारण एकदा चाललं म्हणजे चालतं असं नाही.

"आणि तो स्क्रू?" मी विचारलं.

"मैंने खोला था. बेचने से पहले हर मशीन का तेल देखता हूँ."

मी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग तेल पण बघितलं. स्वच्छ होतं. तोच घेतला.

दोन हमालांनी तो गच्चीवर चढवला. सेक्रेटरी दारात उभा राहून बघत होता. त्याने तास दिला होता, आता मागे घेता येईना. आठवडाभर रोज सकाळी एक तास काम केलं आणि खाट उभी राहिली. कमरेएवढी. मी काठी घेऊन मोजली नव्हती, तिची कंबर कुठे यायची ते मला ठाऊक होतं.

शेजारीण आणि मुलगी मिरच्यांचं पोतं घेऊन वर आल्या. शेजारणीने जाळीवर हात फिरवला. "छान झाली हो, भाऊजी. घालू का मिरची?"

मी म्हटलं, थांबा.

आमची असती तर तिने आधी चारही पाय धरून हलवले असते. मी हलवले. तीन घट्ट होते. चौथा जरासा हलला, चण्याच्या डाळीएवढा.

"एवढं चालतं, बाबा," मुलगी म्हणाली. "खाली पुठ्ठा घालू."

मी बारा नंबरची कांडी काढली, बटण सत्तरवर आहे ना ते वाकून बघितलं, त्या दोघींना तोंड फिरवायला सांगितलं आणि जनरेटरची दोरी ओढली.