मोठी झालेली थायमस

धुळ्याजवळच्या फार्मसी कॉलेजात एम.फार्म. करत असताना मी मैत्रिणीला तिच्या प्रयोगात मदत करायचे. ती सावद्याची, मी शिरपूरकडच्या खेड्यातली. वसतिगृहात आमची खोली एकच होती.

तिचा प्रयोग नर उंदरांवर होता. पुरुषी हार्मोनचा परिणाम अडवणारं औषध एका गटाला पाजायचं, दुसऱ्याला नुसतं पाणी, आणि शेवटी अवयवांची वजनं करायची. अवयव ती काढायची, मी बाटल्यांत ठेवून गटाच्या नावाच्या चिठ्ठ्या लावायचे.

औषधाच्या गटातली प्रोस्टेट आक्रसलेली निघाली. ते अपेक्षितच होतं. पण छातीतली थायमस, रोगाशी लढणाऱ्या पेशी जिथे घडतात ती ग्रंथी, चांगली मोठी झाली होती. औषधाने जनावर खंगणार, मग थायमसही सुकणार, अशी आमची अटकळ होती. गाईड सरांनी वजनं पाहिली आणि थायमसच्या बाटल्यांना चिठ्ठ्या कोणी लावल्या, एवढंच विचारलं. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी मला गावी जायची घाई होती, हे तिला आठवलं. मलाही आठवलं. घाईत दोन गटांच्या चिठ्ठ्या उलटसुलट लागल्या असतील, असं वाटून माझाच माझ्या हातांवरचा विश्वास उडाला. जेवताना, बसमध्ये, मी त्या बाटल्या मनात पुन्हा पुन्हा मांडत राहिले. ती प्राणीगृहाची किल्ली आता स्वतःजवळ ठेवू लागली. मी आत गेले की काहीतरी निमित्त काढून मागोमाग यायची.

तिचा माझ्यावर विश्वास आहे की नाही, ते एकदा मी माझ्या अहिराणीत सरळच विचारलं, "तुले मनावर भरोसा नही शे का?"

"तसं नाही गं," ती म्हणाली, "पण सरांनी चिठ्ठ्यांचं विचारलं ना."

नव्या उंदरांवर तिने सगळं पुन्हा एकटीने केलं. थायमस पुन्हा मोठीच निघाली. मग सरांनी जुने संदर्भ चाळले. वयात आल्यावर पुरुषी हार्मोन ही ग्रंथी दाबून लहान ठेवतं. तो दाब निघाला की ती वाढते. खच्ची केलेल्या जनावरांतही हेच दिसतं.

हे सांगायला ती धावत खोलीत आली. मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

"या वेळी चिठ्ठ्या कोणी तपासल्या?" मी विचारलं.

ती आधी हसली. मी हसत नाही हे पाहून माझ्या शेजारी बसली आणि घड्या घालू लागली. सर माझ्याशी त्याबद्दल कधीच काही बोलले नाहीत. तिच्या पुढच्या प्रयोगाला मी गेले नाही.