न लागणारे बूट

नाना कोंढाळकरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चेहऱ्याआधी माझ्या पायांकडे पाहिलं. विंझरच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून रुजू व्हायला आले होते. हातात नेमणुकीचं पत्र, खांद्याला बॅग आणि पायात पुण्यात घेतलेले पांढरे, पातळ तळाचे बूट. नाना तिथे परिचर होते. जनावर धरायचं, खोड्यात घालायचं, जखमा धुवायच्या, लशीचा डबा डोंगरावर वाहून न्यायचा, ही सगळी त्यांची कामं. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटक, पायात घोट्याच्या वर येणारे जुने कातडी बूट. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. चहाचा पेला पुढे केला आणि म्हणाले, "मॅडम, ही बुटं हापिसात ठिवा. डोंगराला न्हाई चालायची."

मला राग आला होता. पण ही त्यांची सगळ्यांशीच तऱ्हा होती. मालक शेळीचं पोट फुगल्याचं सांगत असायचा आणि नाना वाकून तिचे खूर बघत असायचे. एकदा एक म्हातारी वैतागून म्हणाली, "आरं, दुकतंय पोटात आन् तू पाय काय बघतोस?" नाना न उठताच म्हणाले, "आज्जे, उबं पायावर ऱ्हातंय ते. पोटाचं मॅडम बघतील, म्या हे बघतो." त्या शेळीच्या खुरात खरोखरच काटा मोडलेला होता. तो त्यांनी काढला, पोटाचं मी पाहिलं.

पहिल्याच महिन्यात आम्ही पालीच्या वरच्या अंगाला, धनगरांच्या वाडीवर शेळ्या-मेंढ्यांना लस द्यायला गेलो. चढताना मी पांढऱ्या बुटांवर मिरवत होते. उतरताना माझी बोटं प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकावर आदळू लागली. दवाखान्यात पोचले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. नानांनी गरम पाण्याची बादली आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, "संद्याकाळी भोरला जाऊ. बुटं घेऊन टाकू तुमाला."

"संध्याकाळीच का?"

"दिसभर चालून पाय फुगतोय. सकाळच्या पायाला घेतलेलं बूट संद्याकाळी चावतं."

भोरच्या बाजारातल्या त्या दुकानदाराने त्या दिवशी काय भोगलं ते मी पाहिलं. नानांनी घरून जाड लोकरी मोजे आणले होते, ते मला घालायला लावले. दुकानदार काढेल त्या प्रत्येक बुटात आधी ते स्वतःचा हात घालत, बोटांनी आतली शिवण चाचपत, कुठे गाठ टोचली की बूट परत. मग तळ वाकवून पाहत. बोटं वाकतात तिथेच तळ वाकला पाहिजे, मधोमध वाकला तर ते बूट बाजूला. मी पाय घातला की सांगत, पाय पुढे सरकवा, आणि टाचेमागे आपलं एक बोट सारून बघत. नाडी बांधल्यावर मात्र टाच बुटात वर उचलली जाता कामा नये. शेवटी त्यांनी मला दुकानाच्या पायऱ्यांवर तोंड रस्त्याकडे करून दहा-बारा वेळा उतरायला लावलं. येणारे-जाणारे थांबून बघत होते.

"चांगला दिसतोय की हो मॅडमच्या पायात," दुकानदार कंटाळून म्हणाला.

"दिसायला मॅडमला त्यो डोक्यावर न्हाई घालायचा," नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुमी माझं आयकू नका, ह्याचंबी आयकू नका. पायाला इचारा. कुठं लागतंय?"

डाव्या करंगळीला जरासं लागत होतं. आम्ही तोही जोड बाजूला ठेवला आणि पुढचा मागितला. सहाव्या जोडाला मी म्हणाले, आता लागत नाही. नानांनी मला आणखी चार वेळा पायऱ्या उतरवल्या आणि मगच पिशवी हातात घेतली. ते बूट मी सहा वर्षं वापरते आहे.

पालीच्या वरच्या गडावर फिरायला जाणाऱ्या पोरापोरींना नाना रस्त्यातच अडवत. एका रविवारी एक मुलगी पायथ्याशीच बसली होती. महागाचे बूट, पण दोन्हींचे तळ सुटून जिभेसारखे लोंबत होते. ती रडवेली होऊन सांगत होती की बूट अगदी नवे आहेत, तीन वर्षांपूर्वी घेतले आणि जपून कपाटात ठेवले होते. नानांनी लशीच्या पिशवीतून जखमेला बांधायची पट्टी काढली आणि दोन्ही बूट घट्ट गुंडाळून दिले. "जपलं म्हनूनच मेलं ते," ते म्हणाले. "डिंक वाळून जातो आत. बूट वापरात पायजे, पोरी. आता वर जाऊ नगंस, घरला जा." ती परत गेली. तिच्याबरोबरचे वर गेले आणि त्यातल्या एकाला नानांनी दुपारी पाठीवर घेऊन खाली आणलं. त्याचा घोटा मुरगळला होता. नाना त्याला रागावले नाहीत. त्याचा बूट हातात धरून गुळगुळीत झालेला तळ त्याला नुसता दाखवला.

नानांना साखर असल्याचं मला ठाऊक होतं. ग्रामपंचायतीच्या शिबिरात रक्त तपासलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. गोळ्या घेता का, असं मी मधूनमधून विचारायची आणि ते "व्हय" म्हणायचे. तेवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. शेवटच्या वर्षात ते प्रत्येक झऱ्याला ओंजळ लावायचे. एकदा दवाखान्याच्या अंगणातून आत आले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी बाहेर दहा पावलांवर पडली होती. मी हसले. तेही हसले आणि जाऊन घालून आले. पुढे दोन-तीनदा तसंच झालं. मी पाच वर्षं शिकून डॉक्टर झाले होते. बैल पाय ओढत चालला तर मी रस्त्याच्या पलीकडून ओळखत होते.

निवृत्तीला चार महिने राहिले असताना त्यांच्या कातडी बुटांनी दम तोडला. तीन वेळा तळ बदलून झाला होता, आता कातडंच फाटलं. मी ठरवलं की नवे बूट मी घेऊन द्यायचे, आणि तेही चांगले. हो-ना करत ते माझ्याबरोबर पुण्याला आले. मोठं दुकान होतं. बूट घालून चालून बघायला खडबडीत लाकडी उतरणही केलेली होती. मला वाटलं, नाना आज इथे दोन तास काढणार.

त्यांनी पहिलाच जोड पायात घातला. आत हात घालून पाहिला नाही. दुकानाच्या दारापर्यंत गेले, परत आले.

"हेच द्या."

"नाना, उतारावर तरी चालून बघा."

"कशाला? कुठंच लागत न्हाई, मॅडम. लोन्यात पाय घातल्यावानी हाय." त्यांचा चेहरा खरोखर फुलला होता. "इतकी वर्सं बुटं घातली, असलं बूट न्हाई बगितलं."

मला फार आनंद झाला. परतीच्या वाटेवर मी त्यांचा पाय धरून फोटोही काढला. म्हणजे बुटाचाच.

पंधरा दिवसांनी पुन्हा लसीकरण निघालं. तीन दिवस वाड्या-वाड्यांवर चालणं होतं. नानांच्या पत्नी, शेवंताकाकू, मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, त्यामुळे ते विंझरच्या खोलीवर एकटेच होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टेम्पोने दवाखान्यात परतलो. मी नोंदी करत बसले आणि मला वास आला. खूर कुजल्यावर येतो तो वास. एखादं जनावर कुणी बांधून गेलं असेल म्हणून मी मागे जाऊन पाहिलं. खोडा रिकामा होता. परत आले तर नाना बाकावर बसून बूट काढत होते. मोजा पायाला चिकटला होता.

मी खाली बसले आणि मोजा पाण्याने भिजवून सोडवला. अंगठ्याखाली खड्डा पडला होता, काळा, कडेने पिवळा. बूट उलटा करून झटकला, काही पडलं नाही. आत हात घातला तेव्हा टोकाशी काहीतरी लागलं. इंजेक्शनच्या सुईचं टोपण होतं. लस देताना सुई बदलली की आम्ही टोपण दातांनी काढतो, कधी हातातून निसटतं. ते माझ्या हातातून पडलं की त्यांच्या, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

नानांनी ते टोपण बोटांत धरून फिरवून पाहिलं. "हे कवा गेलं आत?" त्यांनी मला विचारलं, दुसऱ्या कुणाच्या पायाबद्दल विचारावं तसं.

मी त्यांना त्याच टेम्पोने पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पहिल्या आठवड्यात दोन बोटं गेली. महिन्याभरात गुडघ्याखालून पाय काढावा लागला. मी भेटायला गेले तेव्हा शेवंताकाकू पाणी आणायला बाहेर गेल्या होत्या. नाना पांघरुणाकडे बघत होते, जिथे ते सपाट होत होतं तिथे.

"नाना, माझ्या लक्षात यायला हवं होतं," मी म्हणाले. हे वाक्य मी वाटेत कितीदा तरी घोकलं होतं.

नाना म्हणाले, "जनावर लंगडतंय, म्हनून आपल्याला कळतंय. म्या लंगडलोच न्हाई, मॅडम. तुमी काय बगनार?"

त्यांना माझी समजूत काढायची होती. मला तिथे बसवेना.

भोंगवलीला घरी नेल्यावर ते चार महिने जगले. निवृत्तीचा हार त्यांनी खाटेवर बसूनच घेतला. लाकडी पाय बसवायचं चाललं होतं, तेवढ्यात दुसऱ्या पायालाही तसंच झालं आणि या वेळी विष अंगात भिनलं. मला निरोप मिळाला तेव्हा सगळं उरकलं होतं.

तेराव्याला मी भोंगवलीला गेले. माणसं जेवून उठत होती. शेवंताकाकूंनी मला आतल्या खोलीत नेऊन बसवलं, चहा आणला आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या. मी काही बोलायच्या आत त्याच बोलू लागल्या.

"तुमी त्यास्नी बुटं घेऊन दिली, लई बरं केलंत, मॅडम. मला फोनवर सांगायचं. जनम डोंगरात गेला, पन पाय दुकला न्हाई तो ह्याच बुटांत, म्हनायचं." त्यांनी पदराने डोळे टिपले. "तेवडं तरी सुक मिळालं बगा शेवटाला. तुमच्यामुळं."

त्या मला धन्यवाद देत होत्या. साखरेने पायाची जाणीव गेली होती, म्हणून तो दुखत नव्हता, हे दवाखान्यातल्या कुणी त्यांना समजावून सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. ते सांगणं आता माझ्याकडे होतं.

"चहा घ्या, निवतोय," काकू म्हणाल्या.

मी कप उचलला आणि चहा प्यायले.