कंडक्टरमामांची सकाळची गाडी

जगात चाकं नसलेली, डिझेल न पिणारी, तिकिटाला एक पैसा न घेणारी आणि तरीही रोज सकाळी वेळेवर सुटणारी एसटी एकाच माणसाकडे आहे, आणि तो माणूस म्हणजे आमच्या सेनगाव-हिंगोली रस्त्याचे कंडक्टरमामा. हे मी चेष्टेनं सांगत नाही. मी स्वतः त्या गाडीचा रोजचा प्रवासी आहे. मागच्या चाकावरची, जिथे गुडघे हनुवटीला लागतात, ती सीट माझी. खरी गाडी होती तेव्हाही तीच होती. हिंगोलीत माझं चष्म्याचं दुकान, घर सेनगावच्या पलीकडच्या खेड्यात, त्यामुळे माझं अर्धं तारुण्य मामांच्या गाडीत हिंदकळण्यात गेलं. मग मामा रिटायर झाले. घरोघर मोटारसायकली आल्या, फाट्याफाट्यावर जीपा उभ्या राहू लागल्या आणि रिकामी धावून धावून ती फेरीही बंद पडली. दुसरा कुणी असता तर निरोपाची शाल पांघरून निवांत झोपला असता. मामाही झोपले, पण मामी सांगतात की झोपेतसुद्धा ‘पुढं सरका, पुढं सरका’ चालायचं. शेवटी त्यांनी जुन्या प्रवाशांचे नंबर गोळा केले, मोबाइलवर ‘सकाळची गाडी’ नावाचा ग्रुप काढला आणि पहिला निरोप धाडला : ‘गाडी लागली हाय. आपापल्या जागेवर बसून घ्या.’ मी मामींना म्हटलं, “मामी, मामांचं डोकं फिरलं.” मामी शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, “फिरू द्या की भाऊ. निदान मला तरी सरका म्हणत न्हाईत आता.”

या गाडीची सकाळ कशी होते ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. भंगारवाल्याकडून विकत घेतलेला तिकिटं टोचायचा एक जुना पंच मामांकडे आहे. तो पंच मामा मामींच्या पितळी तांब्यावर दोनदा वाजवतात. टण् टण्. डबल बेल. ती फोनमध्ये भरून धाडली की गाडी सुटली. मग मामांचा आवाज येतो, धुळीनं घोगरा झालेला, पण मायेचा. “निघालो बरं का. गाव मागं पडलं. उजव्या हाताला तूर फुलून राहिली. बोरीखाली कोणीतरी उभं हाय, हात करून राहिलं, घ्या त्याला.” मामा हे सगळं घरच्या बाजेवर बसून, डोळे मिटून सांगतात. रस्ता त्यांना दिसतो तो आतून. पण रस्ता काही माणसासाठी थांबत नाही, तो बदलतो. एकदा ते तुरीच्या फुलांचं रसभरीत वर्णन करत होते, तर त्या थांब्यावरचा एक जण मध्येच बोलला, “मामा, तूर कापली परवाच.” दुसरा कुणी ओशाळला असता. मामा म्हणाले, “बराबर. कापली. दिसून राहिलं आता मोकळं रान.” त्या दिवसापासून गाडीचा नियमच झाला. ज्याचा थांबा येईल त्यानं ‘बसलो’ म्हणायचं आणि आपल्या खिडकीतून काय दिसतं ते खरं खरं सांगायचं. पोस्टर नको, सुविचार नको. कापूस फुटला असेल तर कापूस, म्हैस व्याली असेल तर म्हैस, काहीच घडलं नसेल तर काहीच घडलं नाही म्हणून सांगा. आणि खरं सांगतो, ‘आज काही न्हाई, नुसतं ऊन पडून राहिलं’ हे वाक्य मामांच्या गाडीत इतकं गोड वाटतं की दुकानाचं शटर उघडता उघडता माझा हात थांबतो.

नवा माणूस आला की मामा ओरडतात, “सरका जरा!” आणि जो तो आपापल्या गावातून, आपापल्या कामातून, निमूटपणे लिहितो, ‘सरकलो.’ कुणी पुण्याच्या कारखान्यात पाळी सुरू होण्याआधी सरकतो, कुणी गोठ्यात धार काढताना. कोण कुठे सरकतं देव जाणे, पण सगळे सरकले की नव्या माणसाला खरंच जागा झाल्यासारखी वाटते. दुसरीकडून आलेला मजकूर कुणी पुढे ढकलला की मामांच्या लेखी ते लगेज. “हे तुमचं न्हाई, कुणाचं तरी बोचकं उचलून आणलं तुमी. लगेजचं तिकीट लागंल.” तिकीट म्हणजे एका लगेजला एक आपल्या घरची बातमी. अहो, या तिकिटापायी लोकांनी काय काय सांगितलंय! एका तलाठ्यानं गुलाबाच्या फुलाचं चित्र टाकलं आणि दंड म्हणून त्याला कबूल करावं लागलं की बायको रुसून माहेरी गेलीय. गाडीतल्या बायांनी सकाळच्या सकाळी त्याला इतकं झापलं की दुपारी तो बिचारा सासुरवाडीला निघाला. निवडणुकीच्या दिवसांत दोघं हमरीतुमरीवर आले, तेव्हा मामांनी एकच बेल मारली आणि ग्रुपच्या तोंडाला कुलूप घातलं. “गाडी उभी केली हाय. भांडायचं त्यानं खाली उतरून भांडावं. बाकीच्यांनी शेंगा खाव्या.” एकदा तर मध्येच म्हणाले, “शेळ्या आल्या आडव्या, थांबा,” आणि गप्प. बराच वेळ गेला, फोनमधून हूं नाही की चूं नाही. आणि आम्ही शहाणीसुरती माणसं, आपापल्या जागी थांबून राहिलो! शेवटी मीच विचारलं, “गेल्या का मामा शेळ्या?” तर म्हणाले, “एक पाठ, लहानी शेळी, राहिली होती मागं. आता गेली.”

वसमतला दिलेली नर्सीकडची एक लेक आहे. या रस्त्याशी तिचा आता काही संबंध नाही, पण मामा म्हणतात, लेकीची माहेरची सीट कुणाला द्यायची नसते. ती भाकरी थापताना फोन चुलीपासून जरा दूर, डब्यावर टेकवून ठेवते. ती एकदा म्हणाली, “मामा, तवा तापेपर्यंत मी कयाधू नदीच्या पुलावर जाऊन येते.” मलाही तसंच होतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मामांचा सकाळचा आवाज पुन्हा लावतो, डोळे मिटतो, आणि मग पुलावरचं धुकं येतं, खिडकीच्या काचा खुळखुळतात, गुडघे हनुवटीला लागतात. तेव्हा कुणी आत डोकावलं तर त्याला भिंतीवरच्या आरशात नाकावर चष्मा चढवून झोपलेला एक टकला माणूस दिसेल, तो मीच. पण त्या घटकेला मी तिथे नसतो.

या गाडीतली सगळ्यात मानाची प्रवासी म्हणजे माळाच्या थांब्यावरची शेळ्यावाली आजी. तिला लिहिता येत नाही. नातवानं फोनवर एक बटण दाखवून ठेवलंय, ते दाबून ती रोज एवढंच बोलायची, “बसले रे बाबा.” मागून शेळ्यांचं बेंबाटणं. एका सकाळी मामांनी माळाचा थांबा पुकारला आणि आजी बोललीच नाही. मामांनी पुन्हा पुकारलं. मग एक बेल. गाडी उभी. दुसऱ्या दिवशीही तेच. नर्सीला आमचे शेठ राहतात, खताचं दुकान आहे, माणूस तसा भला पण घाईचा. त्यांना ग्रुपवर नव्या बियाण्याची खबर टाकायची होती आणि ग्रुपला कुलूप. त्यांनी मामांना फोन लावून सुनावलं, “काहून एका म्हातारीपायी साऱ्यांचा खोळंबा करून राहिले तुमी?” मामा शांतपणे म्हणाले, “शेठ, तुमच्यासाठी ही गाडी किती बार थांबली ते तुमाला कसं ठावं असंल? तुमी तर खाली मान घालून पळत येत व्हते.” शेठना ते झोंबलं. ते ग्रुपमधून बाहेर पडले. मामा नुसतं म्हणाले, “नर्सीला एक उतरले.” पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मला मामींकडून कळलं.

मग मामा जीप पकडून माळावर गेले. जाताना मलाही ओढून नेलं. बघतो तर आजी सडकेच्या कडेला, जुन्या थांब्याच्या दगडावर बसलेली, मांडीवर बंद पडलेला फोन. शेळ्यांच्या पाण्याच्या घमेल्यात तो पडला होता, नातू कामावर बाहेरगावी, आणि आजीला काही उमजत नव्हतं. मामांना पाहून ती रागानंच बोलली, “रोज येऊन बसून राहिले मी हितं. गाडी कशी आली न्हाई रे?” मामा तिच्याशेजारी दगडावर टेकले, खिशातून पंच काढला, दगडावर दोनदा वाजवला आणि म्हणाले, “आली बग आजी. बस.” आजी म्हणाली, “बसले रे बाबा.” तेवढंच भरून मामांनी ग्रुपवर धाडलं, आणि तिचा फोन मी दुरुस्तीला हिंगोलीला नेला. मी त्यांना तोवर खुळे समजत होतो. त्या दिवशी माळावरून परत येताना मला असा खुळेपणा आपल्यालाही जमला असता तर बरं झालं असतं असं फार वाटलं.

आणि मग या थंडीत एक सकाळ बेलशिवाय उगवली. आम्हाला वाटलं, शेळ्या आडव्या आल्या असतील. दुकान उघडेपर्यंत मामींचा फोन आला. मामांना लकवा मारला होता. नांदेडच्या दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा उजवं अंग लुळं आणि वाचा गेलेली. डॉक्टरांनी सांगितलं, येईल हळूहळू, किंवा येणारही नाही. मी भेटायला गेलो तर मामा बाजेवर, फोन उशाशी. मामी म्हणाल्या, “सकाळ झाली की बोट लावतेत फोनला अन् काढून घेतेत. मला तर बघवत न्हाई भाऊ.” ग्रुपवर तेव्हापासून कुणी अक्षर टाकलेलं नव्हतं. आजीसाठी मामांनी गाडी उभी केली होती तशीच सगळ्यांनी मामांसाठी उभी ठेवली होती, कुणी न सांगता. मामांनी डाव्या हातानं फोन माझ्या हातात दिला, माझ्याकडे पाहिलं आणि हवेत दोरी ओढल्यासारखा हात केला. एकदाच. एक बेल. मला कळलं की गाडी कायमची उभी करा, ग्रुप मोडा, असं ते सांगताहेत. कंडक्टरला पुकारता येत नसेल तर ती गाडी कसली, हे त्यांच्या डोळ्यांत लख्ख दिसत होतं. मला इतका राग आला, इतकं रडू आलं, की मी आजारी माणसावर चक्क खेकसलो, “आन् आत बसलेल्या माणसांना कुठं उतरवू मामा? माळावर?”

मामींनी पितळी तांब्या आणून बाजेवर ठेवला. पंच मामांच्या डाव्या हातात दिला. मामांनी तो बोटांत नीट बसवून घेतला. मग त्यांनी वाजवला. पहिला ठोका नीट लागला, दुसरा घसरला. टण्, ट्र्. मी तो तसाच धाडला. आणि आम्ही तिघं फोनकडे बघत बसलो. दारातून कुठेतरी हळद शिजत असल्याचा वास येत होता. फोन गप्प. माझ्या मनात आलं, आपण हे उगीच केलं, आता माणूस आणखी खचणार. तेवढ्यात शेळ्यांचं बेंबाटणं आलं आणि आजीचा आवाज, “माळाचा थांबा. मीच पुकारून राहिले. बसले रे बाबा. शेळ्या पार झाल्या, चल.” मग पुढच्या थांब्यानं आपला थांबा पुकारला, रानात हरभरा घाट्यांवर आलाय म्हणून सांगितलं. मग त्याच्या पुढच्यानं. वसमतची लेक म्हणाली, “मामा, हळदीची वाफ येऊन राहिली, खिडक्या लावा.” रस्ता एकेका माणसाच्या तोंडून पुढे चालला होता आणि मामा डोळे मिटून ऐकत होते. डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

नर्सीचा थांबा आला आणि गाडी अडली. तिथे पुकारणारं कुणी नव्हतं. त्याच वेळी मामांच्या फोनवर निराळा निरोप येऊन पडला. कुणीतरी शेठना कळवलं असणार. त्यांनी लिहिलं होतं, ‘नर्सीला उभा आहे. पळत आलो नाही, आधीपासून उभा आहे. घेता का?’ मी वाचून दाखवलं. मामांनी डोळे उघडले आणि पंच तांब्यावर एकदा वाजवला. थांबवा. मी शेठना आत घेतलं. मामांचे ओठ हलायला लागले, वाकडे, आवाज नसलेले. काय म्हणायचंय ते साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं, म्हणून मीच फोन तोंडाशी धरून ओरडलो, “सरका जरा!” आणि फोन किणकिणू लागला. सरकलो. सरकले. सरकलो मामा. सरकलो.

मी वाचत होतो, तोवर बाज करकरली. वर पाहिलं तर मामा डाव्या कोपरावर सगळा भार घेऊन, ते लुळं अंग ओढत, भिंतीकडे सरकत होते. वीतभर जागा झाली. त्यांनी हातानं ती झटकली आणि माझ्याकडे बघितलं. मी तिथे टेकलो. गुडघे हनुवटीला लागले. मामांनी दोनदा वाजवलं, आणि पुलावर धुकं होतं, असं कुणीतरी सांगत होतं.